करडं पाणी, काळं पाणी

साल्मीच्या वाळवंटात पहाटे चारला
काटा शून्याखाली उतरला
आणि करड्या टाकीचा व्हॉल्व्ह
रुसलेल्या जावयासारखा
बसला तो बसलाच.

मी कॅरॅव्हॅनखाली उताणा, तोंडात बॅटरी,
पाठीखाली संत्र्यांच्या खोक्याचा पुठ्ठा.
वर ओलिंडाची पावलं फळीतून कानात.
आधण ठेवलंय तिने चहाचं.
त्यातलं अर्धं मला मिळणार
हे किटलीच्या आवाजावरूनच कळतं.

हळू ओत. एकदम नको, तडकेल.

सव्वीस वर्षं अहमदीच्या रिफायनरीत
व्हॉल्व्हच फिरवत आलो,
माझ्या कमरेएवढे, गाडीच्या चाकाएवढे.
हा एवढासा, प्लास्टिकचा,
ओळख दाखवत नाही.

ही पांढरी पेटी आम्हाला विकली
एका जॉर्डनी मास्तराने.
चावी देताना दोनच गोष्टी सांगितल्या:
पाइपला उतार ठेव.
आणि काळी टाकी भरत आल्याशिवाय उघडू नकोस.
थोडं थोडं सोडलंस तर पाणी तेवढं निघून जातं,
नको ते तळाशी चिकटून वाळतं.
ओलिंडा तेव्हा माझ्याकडे बघत होती.
मी पाइपकडे.

आमच्या वाडीत सांडपाणी असं काही नव्हतंच.
न्हाणीतून निघालेलं पाटाने केळीत,
केळीतून अळूत,
आणि अळूपाशी कुठेतरी संपायचं.
आई भांड्यांचं पाणी भिरकवायची
तेव्हा पलीकडे कोणीतरी ते पिणारं असायचं.
इथे चहूकडे वाळू आ वासून पडलीय
आणि तिच्यात तांब्याभर ओतायचं नाही.
ओतलं तर पाणी ठेवून घेते,
साबण परत करते,
पांढरा, कडक, दुसऱ्या कोणाच्या पोराच्या पायाखाली.

म्हणून मोजतो.
ताटाला एक फुलपात्र. दाढीला अर्धा मग.
आंघोळ नावापुरती, तीही काल नाताळ म्हणून.
तांदळाचं धुवण मात्र ओलिंडा
टाकीत जाऊ देत नाही,
बाटलीत भरून ठेवते,
दीडशे किलोमीटरांत एक केळ नसताना.

मी निघालो तेव्हा विमानतळावर
जेरोमकाका म्हणाला होता,
चाललास रे बाबा काळ्या पाण्यावर.
हसलो. जन्मठेप कसली काका,
दोन वर्षांचा करार.

आज काळं पाणी माझ्या छातीवर वीतभर उंच टांगलंय.
साठ लिटर.
सगळं आमच्या दोघांचंच.

दुसरी किटली. मग माझी लोकरी टोपी
गरम पाण्यात पिळून व्हॉल्व्हला गुंडाळली,
आणि कान बधिर होईपर्यंत वाट पाहिली.
मूठ बोटभर सरकली.
मनगटावर एक ओघळ आला:
साबण, खोबरेल, कालच्या इंदियालचं तेल.
घाईने बंद केली.
त्या वासात घर होतं, हे मी वर जाऊन सांगितलं नाही.

सहाला टँकर आला. शहाता, असयूतचा.
मीटर कधीपासून पाऊणवरच अडकलाय;
त्याने टाकी बोटांच्या पेरांनी वाजवली,
बाबा शहाळं वाजवायचे तशी,
आणि मान डोलावली.
आधी काळं, म्हणाला. मग करडं.
मागून येणारं पाइप धुतं.

ओलिंडा शाल लपेटून खाली उतरली,
हातात ती बाटली.
मला वाटलं, आता हीसुद्धा.
ती मला ओलांडून टँकरच्या केबिनपाशी गेली.
काचेमागे दूधपावडरीच्या डब्यात पुदिना होता,
थंडीने माना टाकलेला.
मला तो दिसलाही नव्हता.
तिने शहाताला विचारलं नाही.
दार उघडून, वाकून, सगळं धुवण
त्याच्या मुळाशी घातलं.

शहाताने दीड दिनार मोजून घेतला
आणि चार काड्या खुडून तिच्या हातात दिल्या.

मी पाइप गुंडाळत खालीच होतो.
वर तिने पुदिना धुतला बहुतेक.
रिकाम्या टाकीत
पहिला घोट पडल्याचा आवाज आला.